परमिट परत

२ डिसेंबर

आज बसस्टँडवर राजूनं बातमी सांगितली. सव्वीस जानेवारीला शाळेत बाबूसिंगचा सत्कार आहे. शाल, नारळ, हार, भाषण, सगळं. कशाबद्दल, तर रिटायर झाल्यावर त्यानं शाळेतल्या सगळ्या वर्गांची वायरिंग फुकट करून दिली. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

ही वही माझ्या मुलीनं, पिंकीनं, ड्रोनच्या नोंदी ठेवायला दिली होती. पण उद्या कोणाच्या हाती लागली तर खरं काय ते त्याला कळलं पाहिजे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी शेषराव. चौतीस वर्षं लाइनमन होतो. बाबूसिंग आमच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. खांबावर चढण्याआधी लाइनमननं ऑपरेटरला सांगायचं. त्यानं लाइन बंद करायची आणि परमिट द्यायचं. काम झालं की लाइनमननं खाली उतरून परमिट परत करायचं, मगच ऑपरेटरनं लाइन सोडायची, म्हणजे चालू करायची. एवढाच नियम आहे. आठ वर्षांपूर्वी जूनमध्ये मी खांबावर असताना बाबूसिंगनं लाइन सोडली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, खांदा निकामी झाला, डोकं फुटलं. अकोल्याला साडेतीन महिने दवाखान्यात होतो. त्याला काय झालं? ताकीद मिळाली, बढती थांबली आणि धनजला बदली झाली. वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यात जेवलो होतो.

चौकशीत त्यानं जबाब लिहून दिला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. 'लाइनमन शेषराव यांच्याकडून परमिट परत आल्याची खात्री न करता मी लाइन चालू केली. चूक माझी आहे.' खाली सही. अक्षर वळणदार आहे त्याचं.

चहा सोडून घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्याच्या गळ्यात हार पडला की वरून दीडशे चिठ्ठ्या पडतील. प्रत्येक चिठ्ठीवर त्याचीच चूक, त्याच्याच अक्षरात.

आत्ताचा माझा ड्रोन हे काम करू शकत नाही. त्याचा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे चार मोटरींना कोणी किती फिरायचं ते सांगणारी काडेपेटीएवढी पाटी, एकदम स्वस्तातली आहे. वारा आला की ड्रोन वाऱ्यासोबत जातो. मला एका जागी खिळा ठोकल्यासारखा उभा राहणारा पाहिजे. पिंकीला नागपूरला फोन केला, जीपीएसवाली पाटी पाठव म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, आताच तं घेतली होती." म्हटलं, रिटायर माणसाले छंद पाह्यजे ना.

६ डिसेंबर

पार्सल आलं. बायको भागिरथा पांढरं लुगडं नेसून सकाळीच विहारात गेली होती. मीही जायला पाहिजे होतं. दरवर्षी जातो. दुपारपर्यंत जुनी पाटी उपटून नवी बसवली. तीन बोटांनी सोल्डर करायला आता जमते. पहिल्या वर्षी चमचा धरता येत नव्हता.

पाटी लहान आहे पण वजनदार वाटते. तिच्यावर एक बाण आहे, तो ड्रोनच्या तोंडाकडे पाहिजे. जीपीएसची चकती वेगळी, काडीवर उंच बसवायची. चारही मोटरी एक-एक करून फिरवून पाहिल्या. तिसरी उलटी फिरत होती, दोन वायरी अदलाबदल केल्या की सुलटी झाली. लाइनीवर पण असंच असते.

भागिरथा आली तेव्हा अंगणात वायरीच वायरी होत्या. "आज तरी यायचं की नाई वंदनेले," म्हणाली. मी म्हटलं काम होतं. तिनं पाटीकडे पाहिलं आणि आत गेली.

९ डिसेंबर

पाटीला आधी शिकवावं लागते. सपाट ठेव, डाव्या कुशीवर ठेव, उजव्या कुशीवर, तोंड खाली, तोंड वर, उताणी. दर वेळी मोबाइलवर टिचकी द्यायची. मग कंपास जुळवायचा, त्यासाठी ड्रोन हातात धरून सगळीकडून गोल फिरवायचा. मी अंगणात ड्रोन छातीशी धरून गरगर फिरत होतो. शेजारची म्हातारी भिंतीवरून पाहत होती. नक्कीच तिला वाटलं असेल, याच्या डोक्याचा मार अजून बरा झाला नाही.

या पाटीची एक खोड आहे. मोटर सुरू करण्याआधी ती सगळं तपासते. कंपास, बॅटरी, जीपीएस, सपाटी. एकही गोष्ट जमली नाही तर मोबाइलवर कारण लिहून मोटर बंदच ठेवते. शिवाय चकतीवर एक लाल बटण आहे, ते बोटानं दाबून धरल्याशिवायही मोटर हलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ती परमिट देते. मी भागिरथेला म्हटलं, "पाह्य, बाबूसिंगपेक्षा हे मशीन बरं. खात्री केल्याबिगर सोडत नाई."

ती तांदूळ निवडत होती. "त्याचं नाव कायले काढता रोज?"

"रोज हात धुतो म्हणून."

ती तांदूळ निवडत राहिली. तिचं आणि बाबूसिंगच्या बायकोचं, रूपाचं, अजूनही बाजारात बोलणं असते हे मला माहीत आहे. मी तोडत नाही. बाईमाणसाचं मन मोठं असते म्हणतात. माझं नाही.

१४ डिसेंबर

गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर पहिलं उड्डाण. आधी पाऊण तास परमिटच मिळालं नाही. कंपास जुळत नाही म्हणते. जागा बदलली, मोटरसायकल लांब नेली, पुन्हा गरगर फिरलो, परत तेच. ऊन चढत होतं. शेवटी मोबाइलवर शोधलं. तपासणीचा जो रकाना आहे, तो पूर्ण बंद करता येतो. लाल बटणाचं पण तसंच. दोन्ही बंद केले. लगेच मोटरी सुरू. पाच मिनिटांच्या कामासाठी एवढे नखरे.

ड्रोन वर गेला. आठ वर्षं मी जमिनीवर आहे. खांबावरून गाव कसं दिसते ते मी विसरलो होतो. मोबाइलवर पाहिलं, तुरीचे पट्टे, नाला, शाळेचे पत्रे.

मग जागेवर उभा करायचं बटण दाबलं तर ड्रोन गोल फिरायला लागला. आधी लहान गोल, मग मोठा, मग अजून मोठा. घाबरून खाली घेतला. एक पाय मोडला. यूट्यूबवरचा माणूस म्हणते असं कंपास चुकला की होते. म्हणजे पाटी खरं बोलत होती. पण ती सांगण्याची पद्धत असते काही.

काडी चार बोटं वाढवली, चकती बॅटरीच्या वायरीपासून दूर नेली. कंपास जुळला. तपासणी परत चालू करायची राहून गेली. जुळलंच आहे तर गरज काय.

१९ डिसेंबर

राजू आला होता, तारेची टोपली परत द्यायला. राजू तेव्हा माझा हेल्पर होता, विशीतला. आता स्वतः लाइनमन आहे. त्या दिवशी खांबाखाली तोच होता. मी त्याला ड्रोन दाखवला, मग जबाबाची नक्कल दाखवली, आणि चिठ्ठ्यांचं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. त्यानं कागद हातातच घेतला नाही.

"मामा, झालं गेलं. आता दोघंही रिटायर झाले तुमी."

"बोटं रिटायर झाली माह्यी, राग नाई झाला. तू तठी होतास. सांग, मी वर असताना लाइन आली की नाई?"

"आली."

"मंग?"

तो पायातल्या बुटाकडे पाहत राहिला. "चहा राहू द्या मामी, ड्यूटी हाये," असं भागिरथेला म्हणून उठला. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघं तिथे बराच वेळ उभे होते. हल्लीची पोरं साहेबांना भितात. अजूनही बाबूसिंगचा भाऊसिंग नावाचा मेव्हणा ऑफिसात आहे, म्हणून राजूचं तोंड बंद.

मला तो दिवस चांगला आठवतो. सकाळी वारा होता. दुपारी झाडाखाली डबा उघडला, मेथीची भाजी होती. तिथून पुढे एकदम अकोल्याच्या दवाखान्यातला पंखा. मधलं नाही आठवत, पण मधलं काय असणार. परमिट घेतलं, चढलो, त्यानं लाइन सोडली. दुसरं काही होऊच शकत नाही.

२८ डिसेंबर

भागिरथेचा हात कापला. पाच टाके.

चिठ्ठ्या सोडण्यासाठी ड्रोनच्या पोटाखाली एक आकडा बसवला आहे. रिमोटवरची कळ ओढली की आकडा सरकतो आणि दोरा सुटतो. दोरा आकड्यात अडकत होता. मी भागिरथेला म्हटलं, तू धर जरा, तुझी बोटं बारीक आहेत. ती बसली. मी ओट्यावर रिमोट घेऊन उभा. बॅटरी जोडलेली होती, पाती लावलेली होती. विचारलं, "झालं का?" ती "हो" म्हणाली असं मला ऐकू आलं. मी कळ सरकवली. चुकून बाजूची सरकली आणि मोटरी सुरू झाल्या.

ती म्हणते मी 'थांबा' म्हणाली.

दोन्ही शब्द सारखे ऐकू येत नाहीत हे मला मान्य आहे. पण समोरून ट्रॅक्टर जात होता. आणि मोटर सुरू व्हायलाच नको होती, ही पाटीची चूक आहे. एवढी महाग पाटी घेऊन उपयोग काय.

तळहातावर मोठी चीर. वाशीमला नेलं. डॉक्टरनं विचारलं, कशानं कापलं. मी बोलायच्या आत भागिरथा म्हणाली, "विळ्यानं. आंबाडी कापत होती." तिनं विळा का सांगितला मला कळलं नाही. मी डॉक्टरला पाटीतला दोष समजावून सांगितला असता.

येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. दुखते का विचारलं तर म्हणाली, "सवय हाये."

३१ डिसेंबर

स्वयंपाक मी केला. पोळ्या बऱ्या झाल्या नाहीत. ड्रोन ठीक आहे, एक पातं बदललं.

११ जानेवारी

आज जमलं. वर्तमानपत्राचे दीडशे तुकडे केले, दोऱ्यानं बांधले, पोटाखाली अडकवले. वजनानं थोडा जड उठला, पण नवी पाटी तोलून धरते. तीस हात उंचीवर वाऱ्यात जागेवर उभा केला. हात सोडून पाहिलं, हलला नाही. कळ ओढली. सगळे कागद एकदम सुटले आणि मग वेगवेगळे होऊन हळूहळू खाली आले. एवढं छान काही मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी एकटाच हसत उभा होतो.

मला त्याचा चेहरा पाहायचा आहे. लोक कागद उचलतील, वाचतील, एकमेकांना दाखवतील. त्याच्या खांद्यावर शाल असेल आणि तिचं काय करावं त्याला कळणार नाही. हा तीन बोटांचा हात घेऊन घरी आलो तेव्हा मला त्याचं काय करावं कळलं नव्हतं, तसं.

संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडून चिठ्ठ्या आणल्या. भागिरथेनं गठ्ठा पाहिला. बांधलेल्या हातानंच एक चिठ्ठी काढली आणि वाचली. तिला वाचायला वेळ लागते.

"हे नोका करू," म्हणाली.

"काहून?"

"मी सांगते म्हणून. आजपर्यंत कधी काई मांगितलं तुमाले?"

"त्याच्यासाठीच मांगाचं सुचलं?"

"त्याच्यासाठी नाई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी." मग भांड्याला लागली. एका हातानं भांडी घासत होती. आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

२५ जानेवारी

बॅटरी भरली. चिठ्ठ्या बांधल्या. वारा पडला आहे. झोप येणार नाही.

२६ जानेवारी

झालं.

शाळेमागच्या तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आठ वाजता जाऊन बसलो. झेंडावंदन झालं, कवायत झाली. माइकवरून सगळं ऐकू येत होतं. "आपल्या परिसरातले निःस्वार्थ कार्यकर्ते श्री. बाबूसिंगजी" असं मुख्याध्यापक म्हणाले तेव्हा मी मोटरी सुरू केल्या. पोरांच्या डोक्यावरून न्यायचा नाही हे ठरवलं होतं. बाजूनं नेला आणि स्टेजच्या समोर मोकळ्या जागेवर उभा केला. आवाजानं सगळ्यांनी वर पाहिलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. मी कळ ओढली.

ड्रोन खाली घेतला, तिथेच ठेवला आणि फाटकाशी गेलो. चेहरा पाहायचा होता.

लोक चिठ्ठ्या वाचत होते. कुजबूज हळूहळू मागून पुढे सरकली. मुख्याध्यापकांनी एक चिठ्ठी वाचून खिशात घातली. बाबूसिंग खुर्चीवर शाल घेऊन बसला होता. वाकून त्यानं पायाशी पडलेली चिठ्ठी उचलली. चष्मा काढला, दुसरा लावला. वाचली. तो म्हातारा झाला आहे, मला वाटलं त्यापेक्षा जास्त.

मग तो उठून माइकपाशी गेला.

"हे अक्षर माह्यं हाये," तो म्हणाला. "सही बी माह्यी. शेषरावभाऊ खांबावर होता आन् लाइन मी सोडली. त्याचे हाल झाले थे मले कधी भरून देता आले नाई. ज्यानं कोनं हे वाटलं, त्यानं खरं तेच वाटलं. हा सत्कार मी घेऊ शकत नाई."

त्यानं शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. नारळ वर ठेवला. पायऱ्या उतरून चालायला लागला. रूपा बायकांमध्ये बसली होती, तीही उठली. फाटकातून जाताना तो माझ्याकडे न पाहता गेला. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

दोघा-तिघांनी पाठ थोपटली. "बरं केलं भाऊ, आठ वर्षं दाबून ठेवलं होतं त्यानं." मी जिंकलो. ठरवलं तसंच झालं, त्याहून जास्त झालं. तो लढलाही नाही.

घरी आलो. चूल पेटवलेली नव्हती. भागिरथा दाराशी बसून होती. शाळा इथून तीन गल्ल्या आहे, तिला माइकवरचं सगळं ऐकू आलं होतं. मी जेवायला मागितलं तर उठली नाही.

२७ जानेवारी

भागिरथेनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला अजून समजत नाही.

ती म्हणाली, "तुमी फोन करून परमिट परत केल्तं. काम झालं, सोड, असं तुमीच म्हने. मंग तुमाले काईतरी ढिलं दिसलं आन् तुमी परत चढले. त्याले सांगतलंच नाई. त्यानं सोडली. थो काय करीन?"

मी म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं. तर ती म्हणाली, बाबूसिंगनंच. अकोल्याला. मी बेशुद्ध असताना तो तिसऱ्या दिवशी आला होता. कॉरिडॉरमध्ये रडला. म्हणाला, वहिनी, झालं तसंच लिहिलं तर शेषरावची चूक निघते. नोकरी जाईन, दवाखान्याचा खर्च कंपनी देनार नाई. मी बी फोनवर परमिट घ्यायले नाई पाह्यजे होतं, वहीत सही पाह्यजे होती. मी माह्याच अंगावर घेतो. तुमी त्याले सांगू नोका.

"आठ वर्षं?" मी विचारलं. "आठ वर्षं तू मले सांगतलं नाई?"

"डॉक्टर म्हने हा मानूस अंथरुणातून उठनार नाई. तुमी भिंतीकडं तोंड करून पडले राह्यचे. जेवत नव्हते. एक दिवस कोनीतरी बाबूसिंगचं नाव काढलं तं तुमी उठून बसले. शिव्या देल्या. त्या दिवशी वरण-भात खाल्ला. मंग रोज त्याले शिव्या देत देत चालाले शिकले." ती कापलेला हात दुसऱ्या हातात धरून बसली होती. "म्हनून मी तोंड बंद ठेवलं. मंग सांगाचं कसं, थे राहूनच गेलं."

मी तिला म्हटलं, तुम्ही सगळे मिळून खोटं बोलता. आणि बाहेर निघून गेलो.

२९ जानेवारी

राजूला डीपीजवळ गाठलं. तो खांबावर होता. उतरेपर्यंत खाली उभा राहिलो. उतरल्यावर त्यानं आधी सबस्टेशनला फोन केला, वहीत वेळ लिहिली, मग माझ्याकडे आला.

त्याला विचारावं लागलं नाही. "मामा, माह्याच फोनवरून केल्ता तुमी," म्हणाला. "मंग वरच्या तारेचा जोड, जंपर, ढिला दिसला तुमाले. मी म्हटलं, परत सांगू का सबस्टेशनले. तुमी म्हने, कायले, पाच मिनिटाचं काम हाये."

ते शब्द माझे आहेत. मी तसंच बोलतो. हीच वही मागे उलटून पाहिली, चौदा डिसेंबरच्या पानावर तेच आहेत.

भागिरथेचे टाके निघून दोन आठवडे झाले. तळहात अजून पुरता मिटत नाही.

३ फेब्रुवारी

बाबूसिंगच्या घरी, तांड्यावर गेलो. चार दिवस रोज निघत होतो आणि नाल्यापासून परत येत होतो. दिवस फार लांब झाले आहेत. सकाळी उठल्यावर ज्याचा विचार करायचो, तो आता करता येत नाही.

रूपा अंगणात लाल तिखट वाळवत होती. मी उभा राहिलो. तिनं बस म्हटलं नाही.

"बाबूसिंग?"

"घरात हायेत. भेटनार नाईत."

"वहिनी, मले काईच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हनून सोडून द्यायचं?" तिचा आवाज चढला नाही. "बढती गेली. धनजले आठ बाय दहाच्या खोलीत एकटे राह्यले. पोरीच्या सोयरिकीच्या वक्ती पाव्हने म्हने, पोरीच्या बापाच्या हातून मानूस मरता मरता राह्यला. तरी तुमचं नाव काढलं नाई. मी म्हनायची, सांगा आता. म्हनत, शेषरावचं डोकं सांभाळून घ्या लागते. आन् तुमी त्याइच्या डोक्यावर कागद फेकले. पोट्ट्याइसमोर."

"मी माफी मांगाले आलो."

"घरात नाई पाह्यजे माफी. गावासमोर केलं, गावासमोर सांगा. वरतून फेकलं तसं नाई, उभं राहून. मंग या."

ती परत तिखटाकडे वळली. मी खोकत खोकत निघालो.

९ फेब्रुवारी

आज बाजार होता. भागिरथा म्हणाली मी येते. मी नको म्हटलं, ती आली.

शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी जाऊन भेटलो होतो. त्यांनी बाजाराच्या चौकातला ग्रामपंचायतीचा माइक मिळवून दिला, मोफत, पण चेहऱ्यावर प्रश्न होता. साडेअकराला मी माइक धरला. एवढंच बोललो: "सव्वीस तारखेले चिठ्ठ्या मी टाकल्या. त्याच्यात जे लिहिलं थे खोटं हाये. परमिट मी फोनवर परत केल्तं आन् कोनाले न सांगता परत खांबावर चढलो. चूक माह्यी होती. बाबूसिंगनं माह्यी नोकरी वाचवाले ती आपल्या अंगावर घेतली. त्याचं आठ वर्षं नाव खराब झालं थे माह्यामुळं. सव्वीसले मी थे आनखी खराब केलं." मग भागिरथेकडे पाहून म्हटलं, "आन् हिचा हात विळ्यानं नाई, माह्यामुळं कापला."

काही लोक थांबले, काही भाजी घेत राहिले. ज्यांनी पाठ थोपटली होती त्यांच्यातला एक म्हणाला, "मंग तवा काहून टाकल्या चिठ्ठ्या?" दुसरा म्हणाला, "याचं डोकंच फिरलं." भागिरथेनं माइक माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. तिनं वांगी घेतली आणि आम्ही घरी आलो.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबूसिंग आला. फाटकाबाहेर मोटरसायकल उभी करून तिथेच थांबला. मी बाहेर गेलो. माझ्या खिशात मी कंपनीला लिहिलेलं पत्र होतं. सगळं खरं लिहिलं होतं, तारीख-वेळ घालून. त्याला दाखवलं.

त्यानं दिव्याखाली धरून वाचलं. मग मधून फाडलं.

"हे धाडशील तं माह्यी आठ वर्षं पान्यात जातील," तो म्हणाला. "मी खोटा ठरीन, तुही पेन्शन अडकीन, वहिनीचं काय होईन? गावाले सांगतलं, रूपाचं समाधान झालं. पुरे."

"तुह्यं झालं?"

आत भागिरथेनं चहा ठेवला होता, वास येत होता.

"तुह्या डोक्याले मार होता, तुले आठवत नव्हतं, थे मले समजते," तो म्हणाला. "पन तू आठ वर्षांत एकडाव बी येऊन मले विचारलं नाईस, की बाबू, झालं काय होतं त्या दिवशी. वीस वर्षं एका डब्यात जेवलो आपन. एकडाव विचारलं असतंस तं मी सांगतलं असतं."

मला म्हणायचं होतं की विचारायची गरजच वाटली नाही, मला पक्कं माहीत होतं. तेच तर तो म्हणत होता.

भागिरथा चहा घेऊन आली. एक कप तिनं त्याच्यापुढे केला. त्यानं तिच्या तळहातावरची चीर पाहिली, माझ्याकडे पाहिलं. कप घेतला आणि उभ्याउभ्या प्यायला. आत या म्हटलं तर आला नाही. मोटरसायकल चालू करून निघून गेला.

भागिरथेनं कप विसळला. मी विचारलं, "परत येईन का थो?"

"तुमी जा," ती म्हणाली. "आता तुमची बारी हाये."